‘औषध नोंदणीकृत होतं, आता भरपाई विसरा’ : हे खरं नाही

बागेच्या औषधाने झाडं जळाली की हमखास ऐकू येतं, “सरकारी नोंदणी आहे, लेबलवर ‘परिणामांची जबाबदारी वापरणाऱ्याची’ छापलंय, कंपनीला कोण धरणार?” यावर विश्वास ठेवून माणसं गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं.

नोंदणी म्हणजे विक्रीची परवानगी, दोषाची माफी नव्हे. अमेरिकेत ड्युपॉन्टचं इम्प्रेलिस हे हिरवळीवरचं तणनाशक २०१० मध्ये रीतसर नोंदणी होऊन बाजारात आलं. पुढच्याच वर्षी आसपासचे स्प्रूस आणि पाइन वृक्ष वाळू लागले. ऑगस्ट २०११ मध्ये विक्रीबंदीचा आदेश निघाला, आणि कंपनीने वृक्षमालकांना भरपाई दिली. त्याआधी २००५ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तणनाशकाने पीक गेलेल्या भुईमूग उत्पादकांच्या खटल्यात, नोंदणीमुळे सदोष मालाबद्दलचे दावे आपोआप बाद होत नाहीत असं सांगितलं होतं. छापील ओळ किती टिकते, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, कंपनी नव्हे.

मात्र दोष आणि त्यानेच झालेलं नुकसान, दोन्ही दाखवावं लागतं. मात्रा जास्त झाली असेल तर दावा लंगडा पडतो. म्हणून रागाच्या भरात डबा फेकू नका! उरलेलं औषध, बॅच क्रमांक, पावती जपा. जळालेल्या झाडांचे फोटो तारखेसह काढा, आणि शेजारच्या न फवारलेल्या झाडाचाही.