साइटवरचा सूर्योदय आणि पंचांगातला सूर्योदय: दोन्ही बरोबर आहेत, जुळवू नका

घरच्या वेदर स्टेशनच्या साइटवर सूर्योदयाची वेळ टाकली की कोणीतरी पंचांग उघडून सांगतंच, तुमची वेळ चुकलीय. मग स्टेशनवाला बिचारा सेटिंग बदलत बसतो. हे इतक्यांदा बघितलंय की आता लिहूनच टाकतो.

सर्व्हर युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो, तो लगेच दिसतो. उजाडणं म्हणजे सूर्योदय नाही हेही बहुतेकांना माहीत असतं, सिव्हिल ट्वायलाइट (सकाळचा संधिप्रकाश) सूर्य क्षितिजाच्या ६ अंश खाली असताना सुरू होतो, आपल्याकडे सूर्योदयाच्या साधारण २२ ते २४ मिनिटं आधी.

खरा घोळ व्याख्येचा आहे. सॉफ्टवेअर सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरतं. हवेमुळे प्रकाश वाकतो (वक्रीभवन) त्याच्या ३४ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), सूर्याच्या अर्ध्या बिंबाच्या १६, मिळून ५० कला म्हणजे ०.८३३ अंश, म्हणून कोडमध्ये डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्यापर्यंतचा कोन ९०.८३३ अंश असा आकडा असतो (पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत डिफॉल्ट ९०.५८३ होता, जुनी स्क्रिप्ट असेल तर तो आधी तपासा). पारंपरिक पद्धतीची पंचांगं बिंबाचा मध्य धरतात आणि वक्रीभवन घेतच नाहीत. तुमचं पंचांग कुठली पद्धत घेतं ते त्याच्या सुरुवातीच्या पानांत बघा. आपल्या अक्षांशावर हा फरक साडेतीन मिनिटांच्या आसपास येतो, पण नीट लक्ष द्या, पंचांगाचा सूर्योदय तेवढा उशिरा आणि सूर्यास्त तेवढाच लवकर. गाव बदललं की मात्र दोन्ही वेळा एकाच बाजूला सरकतात, एका रेखांशाला ४ मिनिटं.

आता पुण्याची साइट आणि मुंबईच्या वेळा छापलेलं असं पंचांग शेजारी ठेवा. मुंबई जवळजवळ १ अंश पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ४ अधिक साडेतीन, म्हणजे साडेसात मिनिटं फरक, आणि संध्याकाळी ४ वजा साडेतीन, म्हणजे जवळपास काहीच नाही. सूर्यास्त जुळतो, सूर्योदय जुळत नाही, आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअरमध्येच बग आहे. मग रेखांश दोनेक अंश पश्चिमेला सरकवतात. त्याने स्टेशन अरबी समुद्रात जातं, सकाळ जुळते आणि बरोबर असलेला सूर्यास्त साडेसात मिनिटांनी बिघडतो. अक्षांश-रेखांश हे तुमच्या गच्चीचेच ठेवा, कशासाठीही हलवू नका.

पंचांगाची वेळ हवीच असेल तर ९०.८३३ च्या जागी ९०.० घालून वेगळी ओळ द्या, 'सूर्योदय (बिंबमध्य)' असं लिहून. तिथी सूर्योदयाच्या आसपास बदलत असेल तर उदयतिथी (सूर्योदयाला असलेली तिथी) ठरवताना ही साडेतीन मिनिटं महत्त्वाची ठरतात, त्यामुळे उपवासाचं ठरवायला लोकांना पंचांगच बघायला सांगा.

आणि सेकंद दाखवू नका. ३४ कला ही सरासरी आहे, तापमान आणि दाबाप्रमाणे ती रोज बदलते, पूर्वेला डोंगर असेल तर ऊन अजून उशिरा येतं. मिनिटापर्यंत दाखवा, त्यापुढचे आकडे खोटे असतात.