लोकसहभागी उत्खनन (मध्ययुगीन स्थळे, नाशिक परिसर)

परवानाधारक संस्थेच्या देखरेखीखाली पुरातत्त्वज्ञांच्या बरोबरीने गावकरी, विद्यार्थी आणि हौशी मंडळी जे उत्खनन करतात, त्याला लोकसहभागी उत्खनन म्हणतात. हौस असली तरी हवे तिथे खणता येत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार असंरक्षित जागीसुद्धा उत्खननासाठी राज्य सरकारला आधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागते.

नाशिकमधील सर्वांत परिचित उत्खनन गोदाकाठच्या मातीच्या गढीचे. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी डेक्कन कॉलेजतर्फे ते १९५०–५१ मध्ये केले. त्या काळी ओढ सातवाहन आणि त्याआधीच्या थरांकडे होती. वरच्या मध्ययुगीन थरांना दुय्यम स्थान मिळे. यादवकाळाची ओळख आपल्याला मुख्यतः सिन्नरचे गोंदेश्वर, आंजनेरीची देवळे आणि शिलालेखांतून होते. आंजनेरीच्या शके १०६३ च्या लेखात दुकानांचे उत्पन्न जैन मंदिराला लावून दिल्याची नोंद आहे. त्या दुकानांत कसली भांडी होती, जमीन शेणाने सारवलेली होती की चुन्याची, हे मात्र खणल्याशिवाय कळायचे नाही.

जागा ओळखण्याची परिभाषा गावाकडे आधीपासूनच आहे. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख आणि शेण शतकानुशतके साचून पांढरीचे टेकाड होते. ही माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली जाई. कितीतरी टेकाडे अशीच संपली. त्यामुळे ज्याच्या आजोबांनी गाड्या भरल्या, त्यालाच कुठे विटा लागल्या आणि कुठे रांजण फुटला हे ठाऊक असते. असा माणूस चरात उतरला की अर्धे सर्वेक्षण झाल्यासारखेच.

हंगाम पावसाळ्यानंतरचा. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला मफलर गुंडाळून माणसे येतात. दवाने ओलसर मातीत थरांचे रंग स्पष्ट दिसतात, म्हणून छायाचित्रे आणि मोजमापे तेव्हाच उरकतात. खुंट्या आणि सुतळीने आखलेल्या चौकोनांमध्ये न खणलेला बांध राखतात. त्याच्या उभ्या कडेवर थर वाचायचे असतात, म्हणून काठावर बसलेल्याला पहिली हाक पडते, ‘दादा, कडेवरून उठा!’ टिकाव वरच्या मातीपुरता. पुढे खुरपी, थापी आणि ब्रश. सरावलेला मजूर आवाजावरून सांगतो : माती भसभशीत लागली तर खड्ड्यातली भर, टणक वाजली तर चोपलेली जमीन. नव्या स्वयंसेवकाला हे कळायला आठवडा जातो, आणि तेवढ्या वेळात तो एखादी जमीन खरवडून टाकतोच.

घमेल्यातली माती चाळणीतून जाते. मध्ययुगीन थरांतून मुख्यतः खापरे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हाडे, लोखंडी खिळे आणि क्वचित काचेरी लेपाची भांडी निघतात. बांगडीचा तुकडा बायका बोटावर धरून तिचा घेर सांगतात. पट्टी नंतर लागते. दुपारी भाकरी-पिठले झाले की खापरे धुणे. लोखंड आणि नाणी पाण्याला दाखवायची नाहीत, कोळसा कालमापनासाठी हात न लावता बाजूला. प्रत्येक पिशवीत चौकोन, थर, खोली आणि तारखेची चिठ्ठी टाकतात. ती हरवली तर खापर शाबूत असूनही मुके.

‘सोनं निघालं का?’ हा बघ्यांचा ठरलेला प्रश्न. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास सरकारला कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, असे सांगितले की निम्मे बघे घरी जातात. उरलेल्यांतले दोघे-तिघे दुसऱ्या दिवशी चाळणीवर दिसतात.

हंगाम संपला की चराच्या तळाशी प्लास्टिक अंथरून उपसलेली माती परत लोटतात. पुढे कोणी तिथेच खणले, तर हात कुठवर पोचले होते हे त्याला प्लास्टिकवरून कळते.