डीजेवरच्या गाण्यातला 'मी' आला कुठून? मराठवाड्यातल्या गाण्यांची पार्श्वभूमी

वरातीत डीजेवर दणाणणारं एखादं गाणं धरायचं आणि 'आजची पोरं ही अशी' म्हणून मोकळं व्हायचं, हे नेहमीचंच. शब्दांवरून तरुणांना कशाचं मोल वाटतं ते कळतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं, ते गाणं कशावर वाजत होतं यात असतं.

इथला जुना साठा जात्यावरच्या ओव्यांचा. गी पॉयट्विन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांत बीड-परभणीकडच्याही आहेत. माहेर, भाऊ, सासुरवास तर त्यांत आहेच; शिवाय माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. मुद्दा असा की बोलणारी बाईच आणि ऐकणारीही बाईच. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि तरुण बाईचा स्वतःचा आवाजही त्याच्याबरोबर गेला. पुढच्या बाजारू गाण्यांत पोरीवर बोललं जातं, पोर स्वतः क्वचित बोलते. ही उणीव लक्षात न घेता 'तरुणाई' म्हणणं म्हणजे निम्म्या गावाची शिरगणती.

१९४८ पर्यंत निजामाची राजवट आणि सरकारी शिक्षण उर्दूतून, त्यामुळे शाळा हीच इथे मोठी गोष्ट होती. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. भीमगीतांत पुस्तक, लेखणी, कोट हे शब्द नुसते सजावटीचे नाहीत, त्यामागे हे आहे. वामनदादा कर्डक मूळचे सिन्नर तालुक्यातले, पण त्यांची गाणी मराठवाड्यातल्या वस्त्यावस्त्यांत पाठ. सोबतीला कव्वालीचे सामने, ज्यांत उर्दूची लकब मराठीत सहज उतरली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव २७ जुलै १९७८ ला झाला, दंगली उसळल्या आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं! एवढ्यात शाळकरी पोरगं बाप होतं. त्या काळच्या गाण्यांचा कर्ता 'आम्ही' आहे.

मग कॅसेट. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, सहा मिनिटांचं गाणं धरलं तर एका बाजूला पाच. तीन-चार अंतरे मावायचे, म्हणजे गोष्ट सांगायला, बाजू मांडायला जागा होती. डीजेच्या रिमिक्सने पहिला घाव अंतऱ्यावर घातला. राहिला मुखडा आणि ठेका. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली, २०१६ मध्ये जिओ आलं, जुलै २०२० मध्ये भारतात इन्स्टाग्रामची रील सुरू झाली तेव्हा तिची मर्यादा होती १५ सेकंद. पंधरा सेकंदांत युक्तिवाद होत नाही, 'मी'ची ऐट होते. गाडी, गावाचं नाव, 'नाद करायचा नाय', संपलं. या ऐटीतला थोडा भाग पोरांचा, बराचसा या पंधरा सेकंदांच्या मापाचा.

म्हणून गाणं तपासताना मुखडा आणि अंतरा वेगवेगळे लिहून काढावेत. 'मी', 'आम्ही', 'तू' किती वेळा येतात ते मोजावं. मग नामं: जमीन, गाडी, पुस्तक, गुलाल, आई. कोण बोलतंय आणि कुणाला, हे प्रत्येक कडव्याला पुन्हा विचारावं, कारण मध्येच बदलतं. ऑर्डरची गाणी बाजूला काढावीत. वाढदिवसासाठी एकाच चालीत नाव बदलून केलेल्या गाण्यातून पैसे देणाऱ्याचं मोल कळतं, नाचणाऱ्याचं नाही. व्ह्यूजच्या आकड्यावर तर भिस्त ठेवूच नये. तेच गाणं दहा चॅनेलांवर चढवलेलं असतं आणि मंडपात एका फोनवर पाचशे जण ऐकतात.

तरी सगळा दोष मापावर टाकता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, त्यानंतर मराठा आरक्षणाच्या गाण्यांची लाट आली. फोन तोच, रील तीच, पण कर्ता पुन्हा 'आम्ही'. फक्त हा 'आम्ही' आपापल्या समाजापुरता, आणि त्यातही बोलणारा बहुतेक पोरगाच.