ग्रीक नाटकातला माज

ग्रीक ट्रॅजेडीचा विषय निघाला की 'हुब्रिस' हा शब्द येतोच, आणि त्याचा अर्थ सगळे सांगतात गर्व. मला विचाराल तर गर्व फारच सोवळा शब्द झाला, आपला अस्सल शब्द आहे माज. थिओफ्रास्टस म्हणून अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य होता, तो लिहितो की बदामाच्या झाडात लोखंडी खुंटी ठोकतात आणि त्याला काही लोक झाडाला शिक्षा करणं म्हणतात, कारण झाडाला हुब्रिस चढलेला असतो. आपणही रान माजलं, गवत माजलं म्हणतोच की! एस्किलसच्या इ.स.पू. 472 च्या 'पर्शियन्स' नाटकात मेलेला पर्शियन राजा दरायसचं भूत पोराबद्दल, म्हणजे झर्क्सिसबद्दल हेच सांगतं, हुब्रिसला फुलोरा आला की विनाशाचं कणीस धरतं आणि मग कापणी करायची ती रडण्याची.

अथेन्समध्ये हुब्रिस चक्क गुन्हा होता. मनात स्वतःला कितीही मोठं समजा, कुणी विचारत नाही, पण दुसऱ्याला मजा म्हणून अपमानित केलंत तर कोर्टात खेचणार. डेमोस्थेनिस या वक्त्याला तर भर नाट्यगृहात, उत्सव चालू असताना, मेडियस नावाच्या त्याच्या वैऱ्याने ठोसा मारला होता, त्यावरचं त्याचं भाषण आजही वाचायला मिळतं.

आता सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'मधला क्रेऑन घ्या. नवीनच राजा झालाय आणि पहिल्या भाषणात किती शहाण्यासारखं बोलतो, की माणूस सत्तेवर बसल्याशिवाय कळत नाही आणि चांगला सल्ला न घेणारा राज्यकर्ता सगळ्यात वाईट. पण अँटिगनीच्या मेलेल्या भावाला पुरायचं नाही असा त्याचा हुकूम आहे, ती तो मोडते आणि तो तिला जिवंत गुहेत कोंडायला लावतो. आणि या सगळ्यात सीनमागून सीन तो एकेकाचं ऐकणं बंद करत जातो. प्रेतावर कुणीतरी माती टाकली अशी बातमी पहारेकरी आणतो, तर म्हणे तू पैसे खाल्लेस. मुलगा हायमॉन समजावतो की पुरात वाकणारी झाडं टिकतात, तर म्हणे या वयात मी तुझ्याकडून शिकू? राज्य राजाचंच ना? त्यावर पोरगा म्हणतो, मग ओसाड वाळवंटावर मस्त राज्य कराल तुम्ही. ज्या आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसच्या सल्ल्याचा आजवर फायदाच झाला हे तो स्वतः कबूल करतो, त्यालाही शेवटी पैशाचा लोभी ठरवतो. माज चढलेल्या माणसाला प्रत्येक सल्ल्यात एकतर लाच दिसते नाहीतर अपमान.

(सोफोक्लिसच्याच दुसऱ्या नाटकातला राजा इडिपसही टायरेसियसवर असाच घसरतो, पण हा मुलगा बापाला मारणार हे भाकीत त्याच्या जन्माआधीच झालेलं, त्यामुळे त्याच्या सगळ्या दुःखाचं बिल गर्वावर फाडणं मला पटत नाही. ट्रॅजेडीच्या नायकाच्या चुकीसाठी अ‍ॅरिस्टॉटलचा शब्दही 'हमार्शिया' आहे, म्हणजे नेम चुकणं.)

2009 मध्ये 'ब्रेन' या जर्नलमध्ये डेव्हिड ओवेन, मूळचे डॉक्टर आणि नंतर ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री, आणि मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन डेव्हिडसन यांनी 'हुब्रिस सिंड्रोम' मांडला. अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आणि ब्रिटिश पंतप्रधानांच्या चरित्रांवरून काढलेली 14 लक्षणं, ब्रेन स्कॅन वगैरे काही नाही, तेव्हा पक्कं निदान समजू नका. पण त्यातला मुद्दा भारी आहे, हा स्वभाव जन्मजात नसतो, सत्तेबरोबर चढतो आणि बहुतेकदा सत्ता गेली की उतरतो.

क्रेऑनचाही उतरतो. कोरस, म्हणजे नाटकातला गावच्या वडीलधाऱ्यांचा घोळका, सांगतं आधी पोरीला सोडव, मग प्रेत पूर, तर तो क्रम उलटा करतो आणि पोचेपर्यंत अँटिगनीने फास घेतलेला. मग मुलगा जातो, मग बायको. आणि सगळ्यांना हुकूम सोडणारा हा राजा शेवटी नोकरांना विनवतो, मला इथून घेऊन चला, मी कुणीच नाही आता.