डेल्फ्टचे विद्यापीठ, मुलांच्या चालीने

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाची आमची मराठी फेरी ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. नाव नोंदवण्याआधी एवढे वाचून घ्यावे, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही. आम्ही विद्यापीठाचे कोणी नाही. फिरवतो ते मोकळ्या आवारातून. प्रयोगशाळा आतून दाखवत नाही.

सुरुवात ग्रंथालयापाशी. १९९७ साली झालेल्या या इमारतीचे छप्पर म्हणजे जमिनीपासून चढत गेलेला गवताचा उतार, आणि त्यातून वर आलेला भलामोठा शंकू. मुले तिकडेच धावतात. धावू द्यावे. खाली पुस्तके आहेत, हे आम्ही नंतर सांगतो. शेजारचे काँक्रीटचे सभागृह १९६६ चे. कुणाला त्यात बेडूक दिसतो, कुणाला उडती तबकडी. विद्यापीठाची स्थापना १८४२ ची, राजा दुसरा विलेम याच्या काळातली; पण हे पालकांसाठी. मुलांना सनावळ्या सांगत नाही.

मग गवतावर बसून प्रत्येकाच्या तळहातावर दहा रुपयांची चार नाणी ठेवतो. साधारण तेवढ्याच वजनाचा, २९ ग्रॅमचा एक उडता यंत्रमानव इथल्या संशोधकांनी बनवला. त्याला शेपूट नाही, पंख चार, आणि ते सेकंदाला १७ वेळा फडफडतात. केळ्यांवर घोंघावणारी चिलटे हात उचलताच गर्रकन वळून कशी निसटतात, हे त्यांनी २०१८ मध्ये या यंत्राकडून करवून पाहिले. इथे वेळ जातो, कारण प्रत्येकाला चिलट होऊन दाखवायचे असते.

पुढची गोष्ट सौरगाडीची. विद्यार्थ्यांनी बांधलेली ‘नूना’ २००१ साली ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड ही सुमारे ३,००० किलोमीटरची शर्यत जिंकली, पुढेही अनेकदा जिंकली. २०१९ मध्ये मात्र आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात गाडी पेटली. चालक सुखरूप बाहेर पडला. जिंकलेल्या गाड्यांपेक्षा जळालेल्या गाडीवरच जास्त प्रश्न येतात, म्हणून तिला आम्ही लपवत नाही. २००८ ची आगही सांगतो: पाणी गळून कॉफीच्या यंत्रात शॉर्ट सर्किट झाले आणि वास्तुकला विभागाची अख्खी उंच इमारत गेली. माणसे वेळेत बाहेर आली होती. खुर्च्यांचा मौल्यवान संग्रहही वाचला. विभाग आता विद्यापीठाच्याच एका जुन्या विटांच्या इमारतीत नांदतो.

वेळ उरला तर १९१७ साली सुरू झालेली विद्यापीठाची वनस्पतीबाग. तिचे तिकीट वेगळे.

पालकांना एक विनंती: ‘मोठेपणी इथेच शिकायचं हं!’ असे फेरीत तरी म्हणू नये. मूल प्रश्न विचारायचे थांबते.

फेरी अडीच तासांची, एका वेळी आठच मुले. डबा आणावा. पावसाची चिन्हे असली तर छत्री नको, रेनकोट द्या. आवारातल्या उंच इमारतीच्या पायथ्याशी वारा असा घुमतो की छत्री हमखास उलटते.