ख्रिस्ती दलित आणि 1950 चा आदेश : पार्श्वभूमी

अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि 1831 पासून नगरला त्यांनी जम बसवला. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगरकडची बरीच महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली. पुढे पोटासाठी मुंबई गाठली, तर जात गिरणीतही होतीच. साचा खात्यात, म्हणजे विणकामात, धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्यांना मज्जाव. आणि जास्त पगार नेमका तिथेच.

चर्चने शाळा, बोर्डिंग, दवाखाने दिले. पण खरी गाठ बसली ती 10 ऑगस्ट 1950 रोजी. अनुसूचित जातींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतरांना यादीबाहेर ठेवले. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लीम बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. त्यामुळे महाराष्ट्रात एकाच आजोबांच्या दोन नातवंडांपैकी बौद्ध नातवाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती नात मात्र ओबीसीत. राखीव मतदारसंघ नाही, ॲट्रॉसिटीचे संरक्षणही नाही.

1985 चा निकाल या संदर्भात मुळातून वाचावा असा आहे. मद्रासच्या फूटपाथवर चपला शिवणाऱ्या एका कारागिराला सरकारी योजनेतली फुकट टपरी नाकारली गेली, कारण तो ख्रिस्ती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, धर्मांतरानंतरही जातीमुळे तितकीच हलाखी सोसावी लागते, हे आधी दाखवा. हे त्या कारागिराने कुठल्या कागदावर दाखवायचे? कॅथलिक बिशपांच्या देशपातळीवरच्या संस्थेने चर्चमध्ये जातिभेद असल्याची लेखी कबुली दिली ती 2016 मध्ये. तोवर वेगळी बाके, वेगळी कबरस्ताने यांची चर्चा दक्षिणेपुरतीच मानायची सोय मुंबईकर पॅरिशना, म्हणजे स्थानिक चर्चमंडळांना, होती.

ख्रिस्ती दलितांनाही यादीत घ्या, या मागणीच्या विरोधकांचा आक्षेप असा की ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, मग जातीची सवलत कशाला? शिवाय आधीच्या यादीतल्यांचा वाटा कमी होईल, ही भीती खुद्द दलितांतही आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही.

2007 मध्ये एका राष्ट्रीय आयोगाने तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. केंद्राने ती मानली नाही. याच मागणीच्या 2004 पासूनच्या याचिका रेंगाळल्या. 2022 मध्ये याच प्रश्नावर नवा आयोग नेमला गेला, त्याला मुदतवाढ मिळाली. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने चर्चला नियमित जाणाऱ्या एका महिलेचा, नोकरीपुरता हिंदू असल्याचा दावा फेटाळला. त्यानंतर कागदोपत्री हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती अशी कसरत करणाऱ्या घरांची धास्ती वाढली.