रस्ताजोडणी आणि शहराचा पसारा (बेळगाव)

एका ठिकाणाहून दुसरीकडे किती वेगवेगळ्या वाटांनी जाता येते, ती त्या वस्तीची रस्ताजोडणी. ती मोजताना वाटा जिथे मिळतात त्या जागा मोजतात: चार वाटांचा चौक, तीन वाटांचा तिठा आणि पुढे वाटच नसलेला बंद बोळ. बंद बोळ वाढले की मागच्या दाराच्या शेजाऱ्याकडे जायलाही मुख्य रस्त्याचा वळसा पडतो आणि गाडी काढावी लागते. शहर नुसते मोठे झाले म्हणजे पसारा झाला असे नव्हे. वस्ती विरळ आणि तुटक वाढत गेली तर तो पसारा. अमेरिकेत अशा तुटक वसाहतींचा जोर 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढला, मग ओसरू लागला.

बेळगावातल्या गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या जुन्या भागात रस्ते अरुंद, पण एकमेकांत उघडणारे. सणाच्या गर्दीत तिथे गाडी अडते, माणूस अडत नाही. कॅम्पातली आखणी लष्करी, रुंद आणि सरळ. शहापूर तर सांगली संस्थानात होते. त्याची वीणच निराळी. टिळकवाडीत पहिले, दुसरे, तिसरे गेट असे पत्ते आजही सांगतात, कारण रूळ ओलांडायच्या जागा मोजक्याच. उड्डाणपुलांनी फाटकावरचा खोळंबा कमी झाला, पण पूल चालणाऱ्याच्या फारसा कामाचा नाही.

2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 4.9 लाख आणि लगतच्या वस्त्यांसह सुमारे 6.1 लाख होती. ही वाढ शिवारात सरकते ती सर्व्हे नंबरच्या मापाने. एका मालकाची जमीन एन.ए. (बिनशेती) होते, प्लॉट पडतात, आतले रस्ते त्याच्याच हद्दीपुरते आखले जातात. शेजारचे शेत दहा वर्षांनी विकले गेले की मधल्या बांधावर कंपाउंड उभे राहते आणि दोन्ही लेआउट पाठीला पाठ लावून बसतात. दोन्हींना बाहेर काढणारी वाट बहुधा जुनी पाणंदच, बैलगाडीपुरती. बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) रामतीर्थनगरसारख्या वसाहती एकसंध आखल्या, तिथे ही अडचण कमी.

हलगा–मच्छे बायपासला शहापूर, वडगाव, अनगोळ शिवारातल्या शेतकऱ्यांनी सुपीक जमिनीसाठी वर्षानुवर्षे विरोध केला, कोर्टातही गेले. जमिनीचा प्रश्न मोठा आहेच. जोडणीच्या अंगानेही तो रस्ता साधा नाही. बायपासला जोड मुद्दाम थोडे ठेवतात, म्हणून शेताच्या वाटेपुढे तो रुळासारखाच आडवा येतो.